डीव्हीडीची रूपांतरे : एक ऐतिहासिक मागोवा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणते विषय यावेत याचे संकेत आता रूढ झाले आहेत. मंडळाची स्थापना, वास्तूची उभारणी, गणेशोत्सव, नाट्यशाखा, ग्रंथालय या विषयांवरील लेख या अंकात अन्यत्र आले आहेतच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र वाचकांस प्रथमदर्शनी काहीसा विजोड वाटण्याचा संभव आहे. डीव्हीडी नामक तबकडीवरील चलच्चित्रे दुसऱ्या स्वरूपात कशी उतरवली जाऊ लागली, त्याचा हा इतिहास आहे. हा विषय यंत्रशाळेचा आहे, स्मरणिकेचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या वर्षभरात आम्हांस जे अनुभवास आले, त्यावरून हा विषय मंडळाच्या पन्नास वर्षांशी अगदी जवळून निगडित आहे, अशी आमची खात्री झाली आहे.

महोत्सवाची तयारी सुरू झाली तेव्हा कार्यालयातील लोखंडी कपाटातून अकरा डीव्हीडी निघाल्या. १९८८ च्या गणेशोत्सवातील संगीत नाटक, पुढील काळातील व्याख्याने, कोजागरीचे कार्यक्रम आणि २००० साली रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने घेतलेल्या संस्थापक सभासदांच्या मुलाखती, एवढा ऐवज त्यांवर होता. मूळ मुद्रण व्हीएचएस कॅसेटवर झाले होते. २००६ साली त्या कॅसेट एका दुकानात देऊन त्यांच्या डीव्हीडी करून घेण्यात आल्या, आणि जागेची अडचण म्हणून कॅसेट टाकून देण्यात आल्या. हा निर्णय घेणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथेच नमूद करणे उचित होय. आता त्या अकरा तबकड्या लावून पाहिल्या तेव्हा सात पूर्ण चालल्या, तीन मध्येच अडखळल्या, आणि एक मुळीच वाचता आली नाही. न वाचता आलेली तबकडी मुलाखतींची होती. ज्यांच्या त्या मुलाखती होत्या, त्यांपैकी आज कोणीही हयात नाही.

एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात उतरवून घेणे ही गोष्ट आपल्या परंपरेस नवीन नाही. छापखाने येण्यापूर्वी शेकडो वर्षे आपले वाङ्मय पोथ्यांच्या नकलांवरच जगले. नक्कल करताना अक्षरे गळतात, ओव्या वाढतात, शब्द बदलतात, याचे भान आपल्या पूर्वजांस होते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती याच कारणास्तव. तीन शतकांच्या नकलांमध्ये मूळ ग्रंथात जे अपपाठ शिरले होते, ते दूर करण्याचे ते कार्य होते. नक्कल केल्यावाचून ग्रंथ टिकत नाही आणि नक्कल केली की त्यात दोष शिरतो, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

चलच्चित्रांच्या बाबतीत हा पेच अधिकच तीव्र झाला. आरंभीच्या काळातील चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर असत. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही. १९३१ सालच्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळसे मूकपट नामशेष होऊन गेले होते. पुढे २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्यास आग लागून मोठी हानी झाली. ज्या चित्रपटांच्या प्रती त्यापूर्वीच दुसऱ्या, सुरक्षित फिल्मवर उतरवल्या गेल्या असतील तेच अशा प्रसंगी वाचतात, हे वेगळे सांगावयास नको.

घरगुती चित्रमुद्रणाचे युग त्यामानाने अलीकडचे आहे. सोनी कंपनीने १९७५ साली बीटामॅक्स आणि जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस ही पद्धत बाजारात आणली. त्या दोहोंच्या स्पर्धेत व्हीएचएसची सरशी झाली. आपल्या देशात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली, आणि तिच्या मागोमाग हे यंत्र मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात व लग्नमंडपात शिरले. बृहन्महाराष्ट्रातील आमच्यासारख्या मंडळांचा पहिला चित्ररूप दस्तऐवज बहुधा याच फितीवर आहे. परंतु फितीचा एक स्वभावदोष असा, की एका फितीवरून दुसरी काढली की चित्र फिकट होते, आणि दुसरीवरून तिसरी काढली की अधिकच फिकट होते. यावर उपाय म्हणून चित्राचे अंकांत रूपांतर करण्याची कल्पना पुढे आली.

अंकांत रूपांतर करण्यातील अडचण आकड्यांवरून सहज ध्यानात येईल. आपल्याकडील पद्धतीनुसार डीव्हीडीवरील चित्राच्या एका चौकटीत आडवे ७२० व उभे ५७६ बिंदू असतात, आणि अशा २५ चौकटी दर सेकंदास दाखवाव्या लागतात. हे सारे बिंदू जसेच्या तसे अंकांत लिहावयाचे म्हटले, तर रंगाचा तपशील काहीसा कमी करूनही एका तासाच्या चित्रणास सुमारे ५६ अब्ज बाइट जागा लागते. एकपदरी डीव्हीडीत जागा असते ४.७ अब्ज बाइट. म्हणजे तिच्यावर जेमतेम पाच मिनिटे मावतील. तीच तबकडी दोन तासांचा चित्रपट वागवते, याचा अर्थ चित्राचे प्रचंड प्रमाणात संकोचन केलेले असते.

या संकोचनाच्या मुळाशी जे गणित आहे, त्याचा जनक आपल्याच देशातला, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. नसीर अहमद यांचा जन्म १९४० सालचा, बंगळूरचा. सर विश्वेश्वरय्या यांचे नाव धारण करणाऱ्या तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६१ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले व पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करू लागले. १९७२ साली त्यांनी या संशोधनासाठी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले, ते नाकारण्यात आले. तथापि त्यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन व के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांनी लिहिलेला निबंध १९७४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ या नावाने ती रीत आज ओळखली जाते.

तिचे मर्म सामान्य वाचकास समजेल असे सांगावयाचे तर ते असे. चित्राचे आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनातील ६४ बिंदूंऐवजी ६४ वेगळे आकडे काढावयाचे, की ज्यांतील पहिले काही आकडे चौकोनातील ठळक छटा सांगतात व उरलेले बारीकसारीक तपशील. मनुष्याच्या डोळ्यास बारीक तपशिलातील फरक फारसा कळत नाही, म्हणून ते आकडे ढोबळ करावयाचे किंवा गाळून टाकावयाचे. याच्या जोडीला दुसरी युक्ती अशी, की प्रत्येक चौकट पूर्ण न लिहिता, मागील चौकटीपेक्षा काय हलले तेवढेच बहुतेक ठिकाणी नोंदवावयाचे. १९८८ साली लिओनार्दो किआरिल्योने व हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने ‘एमपेग’ हा तज्ज्ञगट स्थापन झाला आणि त्याने या युक्त्यांना सर्वमान्य नियमांचे रूप दिले. त्या गटाच्या पहिल्या मानकावर १९९३ साली व्हिडिओ सीडी निघाली. दुसऱ्या मानकावर, म्हणजे एमपेग-२ वर, डीव्हीडी उभी राहिली.

डीव्हीडीच्या जन्माच्या वेळीही बीटामॅक्स व व्हीएचएस यांच्यासारखाच झगडा होण्याचा रंग दिसत होता. एकीकडे सोनी व फिलिप्स, तर दुसरीकडे तोशिबा व तिचे सहकारी, अशा दोन पद्धती समोरासमोर होत्या. संगणक कंपन्यांनी एकाच पद्धतीचा आग्रह धरल्यामुळे १९९५ मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये पहिली यंत्रे विक्रीस आली व १९९७ मध्ये ती अमेरिकेत पोहोचली.

तबकडीची अंतर्रचनाही जाणून घेण्यासारखी आहे, कारण रूपांतरातील निम्मे घोटाळे ती ठाऊक नसल्याने होतात. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा एक कप्पा असतो. त्यात चित्र व ध्वनी ज्यांत असतात त्या ‘व्हीओबी’ फाईली, त्यांचा क्रम सांगणाऱ्या ‘आयएफओ’ फाईली, आणि या दुसऱ्या प्रकाराच्या राखीव नकला म्हणून ‘बीयूपी’ फाईली असतात. व्हीओबी फाईल सुमारे एक अब्ज बाइटपेक्षा मोठी होऊ द्यावयाची नाही असा नियम असल्याने दीर्घ कार्यक्रमाचे तुकडे पडतात. हे तुकडे विषयानुसार नसून केवळ आकारमानानुसार असतात. ते सुटे सुटे रूपांतरित केले, तर नाटकातील वाक्य अर्ध्यात तुटते. आमच्या पहिल्या प्रयत्नात नेमके हेच घडले. पदाची पहिली ओळ एका फाईलीत गेली, दुसरी दुसऱ्या फाईलीत, आणि मधली तान नाहीशी झाली.

चित्रपटांच्या डीव्हीडींवर कंपन्यांनी एक सांकेतिक कुलूपही घातले होते. त्याची किल्ली अवघी ४० अंकस्थानांची होती. १९९९ च्या ऑक्टोबरात नॉर्वेतील योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या दोन अनामिक साथीदारांसह ते कुलूप उघडणारी प्रणाली प्रसिद्ध केली. विकत घेतलेली तबकडी लिनक्स प्रणालीच्या संगणकावर पाहता यावी, असा त्याचा बचाव होता. त्याच्यावर खटला भरण्यात आला. ओस्लो येथील न्यायालयाने २००३ च्या जानेवारीत व अपिलातही त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यास निर्दोष ठरवले. डीव्हीडीवरील चित्रे संगणकात उतरवून घेण्याची लाट येथून खऱ्या अर्थाने उसळली. त्या लाटेबरोबर चोरट्या प्रतींचा सुळसुळाटही झाला व निर्मात्यांचे नुकसान झाले, हे नाकारता येणार नाही. दुसऱ्याच्या कलाकृतीवर आपला हक्क नसतो, ही मर्यादा रूपांतर करणाऱ्याने पाळलीच पाहिजे. आमच्या तबकड्यांवर असे कुलूप नव्हते. त्या घरच्याच होत्या.

याच सुमारास फ्रान्समधील जेरोम रोता याने मायक्रोसॉफ्टच्या एका प्रणालीत फेरफार करून ‘डिव्हएक्स’ नावाची संकोचनाची पद्धत प्रसृत केली. तिच्यामुळे डीव्हीडीवरील अखंड चित्रपट एका साध्या सीडीवर मावू लागला. २००० साली फाब्रीस बेलार याने ‘एफएफएमपेग’ या मुक्त प्रणालीचा पाया घातला. २००१ मध्ये पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आरंभिलेली ‘व्हीएलसी’ ही प्रणाली सर्वांस खुली झाली. २००३ मध्ये एरिक पेती याने ‘हँडब्रेक’ लिहिली आणि त्याच वर्षी एच.२६४ हे नवे मानक मान्य झाले. एमपेग-२ इतकीच चित्राची प्रत राखून त्याच्या सुमारे निम्म्या जागेत काम भागवणे या मानकामुळे शक्य झाले. आज घरोघरी ज्या एमपी-४ फाईली पाहिल्या जातात, त्यांतील बहुसंख्य याच मानकाच्या आहेत. यांपैकी बेलार, पेती व ते विद्यार्थी यांनी आपली विद्या जगास मोफत दिली. पोथ्यांची नक्कल करून मठमंदिरांस अर्पण करणाऱ्यांचे स्मरण व्हावे, असेच त्यांचे कार्य आहे.

येथवरचा इतिहास वाचून असा समज होईल, की साधने मोफत आहेत, मानके ठरलेली आहेत, तेव्हा रूपांतर म्हणजे केवळ एक कळ दाबण्याचे काम उरले. आमचाही तसाच समज होता. तो चुकीचा ठरला.

संकोचन झालेल्या चित्राचे पुन्हा संकोचन करणे म्हणजे नकलेची नक्कल करणे होय. एकदा गाळलेला तपशील पुन्हा परत येत नाही, आणि दुसऱ्या खेपेस आणखी काही गळतो. आमच्या नाटकाच्या तबकडीवर चार तासांचे चित्रण दाटीवाटीने कोंबलेले आढळले. खर्च वाचावा म्हणून दुकानदारास आम्हीच तसे सांगितले होते. परिणामी नटांच्या चेहऱ्यांवर ते आठ बिंदूंचे चौकोन आधीच उमटलेले होते. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात, फाईल लहान व्हावी या हव्यासाने, ते अधिकच ठळक झाले.

याखेरीज दोन दोष असे, की ज्यांकडे सहसा लक्ष जात नाही. डीव्हीडीतील बिंदू पूर्ण चौरस नसतात. ते चौरस समजून मांडले तर माणसे किंचित उभट दिसतात. आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवले तर आडवी फुगतात. दुसरे असे, की जुन्या दूरचित्रवाणीच्या रीतीप्रमाणे प्रत्येक चौकट दोन हप्त्यांत येते. एका हप्त्यात सम ओळी व दुसऱ्यात विषम ओळी. त्यांची नीट सांगड न घालता रूपांतर केले, तर हालणाऱ्या हाताच्या कडेस फणीच्या दातांसारख्या रेघा दिसू लागतात. लेझीमच्या चित्रणात तर मुलींच्या हातांऐवजी केवळ रेघांचे जाळे दिसत होते.

हे सारे शिकल्यावर आम्ही जी रीत ठरवली, ती अन्य मंडळांस उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. प्रथम संपूर्ण तबकडीची, एकही फाईल न बदलता, जशीच्या तशी प्रतिमा संगणकात घ्यावी. अडखळणाऱ्या तबकड्यांसाठी, न वाचता आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. त्यांच्या साहाय्याने आमच्या तीनपैकी दोन तबकड्या पूर्णपणे हाती आल्या; तिसरीतील शेवटची नऊ मिनिटे गेली ती गेलीच. ही प्रतिमा कायम जतन करावी व तिच्यावरून पाहण्यासाठी एमपी-४ प्रत काढावी. पुढे अधिक चांगले मानक आले, तर रूपांतर एमपी-४ वरून नव्हे, तर त्या प्रतिमेवरूनच करावे. प्रती किमान तीन असाव्यात आणि त्यांतील एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. मूळ वस्तू मात्र कधीही टाकू नये. २००६ साली आम्ही कॅसेट टाकल्या नसत्या, तर आज त्यांच्यावरून अधिक स्वच्छ प्रत घेता आली असती. डीव्हीडी ही कायमची वस्तू आहे असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक घरी मुद्रित केल्या जाणाऱ्या डीव्हीडीत लेसरच्या योगाने एका रंगद्रव्यावर खुणा उमटवलेल्या असतात, आणि ते रंगद्रव्य कालांतराने विटते.

मुलाखतींच्या तबकडीविषयी सांगावयाचे राहिले. ती कोणत्याही उपायाने वाचता आली नाही. शेवटी आम्ही जुन्या सभासदांच्या घरी पत्रे पाठवली. दोन महिने काहीच उत्तर आले नाही. मग एका दिवंगत संस्थापकांच्या सूनबाईंचा निरोप आला, की सासऱ्यांच्या पेटीत धोतराच्या फडक्यात बांधलेली एक कॅसेट आहे. तिच्यावर मंडळाचे नाव आहे. कॅसेट चालवावयाचे यंत्र मिळवणे हेच एक काम होऊन बसले, कारण व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन जगात २०१६ सालीच थांबले आहे. एका सभासदांच्या माळ्यावर ते मिळाले, साफसूफ करून घेतले, आणि कॅसेट लावली. पाच मुलाखतींपैकी दोन तिच्यावर होत्या.

त्या दोन मुलाखती आम्ही कार्यकारिणीच्या सभेत पाहिल्या. मंडळाच्या स्थापनेची हकीकत आम्हांस कागदोपत्री ठाऊक होतीच. ठाऊक नव्हती ती त्यांची भाषा. वऱ्हाडी वळणाची, मधूनच येथील हिंदी शब्द सहजपणे सामावून घेणारी, ‘आपण’ म्हणताना थोडी थांबणारी ती मराठी आता या शहरात कोणी बोलत नाही. आमची मुले निराळी मराठी बोलतात, नातवंडे त्याहून निराळी. ठरावांच्या वह्यांत ती बोली सापडत नाही, कारण वह्या प्रमाण भाषेत लिहिल्या जातात. ती केवळ त्या फितीवर होती. उरलेल्या तीन मुलाखतींत काय होते, हे आता कोणास सांगता येणार नाही.

म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे. आपल्या घरी, माळ्यावर, कपाटाच्या तळाशी मंडळाच्या कार्यक्रमांची एखादी कॅसेट किंवा तबकडी असल्यास ती कार्यालयात आणून द्यावी. प्रत काढून मूळ वस्तू आपणांस परत केली जाईल. चित्रात कोण आहे, प्रसंग कोणता, साल कोणते, हे एका कागदावर लिहून सोबत द्यावे, कारण चेहरे ओळखणारी माणसेही दिवसेंदिवस कमी होत आहेत. हीरकमहोत्सवाच्या वेळी एमपी-४ फाईलीही कदाचित जुन्या झालेल्या असतील आणि त्यांचे पुन्हा रूपांतर करावे लागेल. ते काम त्या वेळच्या कार्यकर्त्यांचे. त्यांच्या हाती मूळ प्रत सुखरूप सोपवणे एवढे मात्र आमच्याकडे लागते, आणि त्यात या खेपेस कसूर होणार नाही, असे आम्ही या पृष्ठांवर लेखी देत आहोत.